पास झालेली पोती

पारखीकाकांनी पोत्यात तिसऱ्यांदा नाक खुपसलं, श्वास सावकाश आत ओढला आणि डोकं वर काढून टेम्पोवाल्याकडे बघितलं. चोराला मुद्देमालासकट पकडल्यावर बघतात तसं.

"ही जटामांसी?"

"मग काय आहे काका?"

"ते तूच सांग. वास कुठंय हिचा?"

टेम्पोवाल्याने नाकाला रुमाल लावलेला होता. "चार तास हिच्या सोबतीनं आलोय. डोकं भणभणलंय माझं. अजून किती वास पाहिजे?"

"डोकं भणभणायला वास कशाला लागतो? तुझ्या गाडीचा आवाज पुरे आहे," काका म्हणाले आणि पोत्याच्या तोंडाला त्यांनी पांढरी दोरी बांधली. पांढरी म्हणजे नापास, माल परत. तांबडी म्हणजे पास, माल आत. एकतीस वर्षं या वखारीत या दोन दोऱ्यांचं राज्य होतं आणि दोऱ्या काकांच्या खिशात होत्या.

वखार वनौषधींची. सांधे दुखतात त्यांच्यासाठी निर्गुंडीचा पाला, डोकं शांत राहावं म्हणून ब्राह्मी, आणि झोप उडालेल्यांसाठी जटामांसी. केसाळ, तपकिरी मुळी, कुणाच्या तरी दाढीतून उपटून आणल्यासारखी. मागे माल कुटायचा, चाळायचा. पुढे दुकानात पुड्या विकायच्या. दिवसभर दुकानापुढे दुखरे गुडघे आणि तारवटलेले डोळे रांगेत उभे असत. त्यांचा भरवसा मालकावर, मालकाचा काकांवर, आणि काकांचा कुणावरच नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता, हुद्दा होता. मुळ्यांत भलत्याच मुळ्या मिसळतात, जुना माल पाणी मारून ताजा करतात. डोळ्यांना फसवता येतं, बोटांना फसवता येतं, याला नाही, असं म्हणून काका स्वतःच्या नाकावर बोट ठेवत. जणू ते वेगळा पगार घेणारं माणूस होतं.

मागच्या थंडीत काका पंधरा दिवस तापाने पडले. बरे होऊन परत आले तर मधल्या काळात जग बिघडलेलं. पुरवठादार शिळा माल पाठवू लागलेले. साबणवाल्यांनी साबणात सुगंध घालणं बंद केलेलं. घरात तर कुणाचा धाकच राहिला नव्हता. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, आणि काका तिथून दोन हातांवर वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"अहो, गल्लीत वास येतोय आणि तुम्ही इथं बसून?" बायको शेजारणीकडून धावत आली.

"गॅस तू मोठा ठेवून गेलीस."

"पण नाक होतं ना तुम्हाला?"

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. हिने गॅस मुद्दाम तर मोठा ठेवला नसेल, यावर मात्र त्यांनी दोन दिवस विचार केला. असा एकेकाचा नंबर लागत गेला. शेवटी एकाच गृहस्थावर संशय घ्यायचा राहिला, आणि त्याच्याकडे काका मोठ्या हुशारीने पाठ फिरवून बसले होते.

पांढऱ्या दोऱ्या भराभर संपू लागल्या. मालक वयाने काकांच्या मुलाएवढा, त्यामुळे भीत भीत म्हणाला, "काका, फार माल परत जातोय हो. पुरवठादार कुरकुरतात."

"मग पास करतो," काका म्हणाले. आणि त्या दिवसापासून ते पोती एकाआड एक पास करू लागले. एक तांबडी, एक पांढरी. वास घ्यायचं सोंग मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ चाले.

मग एका सकाळी आतल्या पोत्याची गाठ त्यांच्या बोटांना वेगळी लागली. काकांची गाठ दोन फेऱ्यांची, टोक आत खोचलेलं. ही एका फेरीची होती. नाक नसेना, पण संशयाला गंध लागत नाही. काकांनी बाकीच्या गाठी तपासल्या. पाच पोत्यांच्या दोऱ्या कुणीतरी सोडून बांधल्या होत्या.

वखारीत दोघंच: काका आणि चाळणवाली. ती नऊ वर्षं कुटलेला माल चाळायला बसे. अबोल बाई. वास कसा घ्यायचा ते तिला काकांनीच शिकवलं होतं, एका रिकाम्या दुपारी, गंमत म्हणून. 'घाई करायची नाही. नाकाला विचारायचं आणि गप्प बसायचं.' आता त्यांना वाटलं, सापाला दूध पाजलं.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन बाहेर गेले आणि मागच्या दाराने परत येऊन निर्गुंडीच्या थप्पीआड उभे राहिले. चाळणवालीने इकडेतिकडे बघितलं, उठली, तांबडी दोरी सोडून पोत्यात वाकली, आणि त्याला पांढरी बांधली. शेजारच्या पोत्याची पांढरी सोडून तांबडी. मांजर दूध पितं तितक्या सराईतपणे.

"वा," काका बाहेर येत म्हणाले. "कितीला विकलीस गं माझी दोरी?"

ती दचकली नाही, हे त्यांना जास्त लागलं.

मालकाला बोलावणं गेलं. तो हात पुसत आला. "बाई, काका म्हणतात ते खरं? दोऱ्या बदलता?"

"बदलते."

"कधीपासून?"

"झाले असतील चार महिने."

"पुरवठादारानं सांगितलं म्हणून?"

"नाही."

"मग कशासाठी?"

तिने एकदा काकांकडे बघितलं, हातावरची भुकटी झटकली. "चुकलं माझं."

"चार महिने कुणी चुकून करतं का?" मालकाचा आवाज चढला. "काकांची दोरी म्हणजे आमच्या वडलांपासूनचा शब्द आहे इथला. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"बरं," ती म्हणाली आणि चष्मा काढून पुसायला लागली.

"काका, सकाळी आलेली ही दोन पोती तेवढी बघून द्या. कुठलं परत पाठवू? मी थांबतो इथंच."

काका डावीकडच्या पोत्यात वाकले. रिकाम्या घराची कडी वाजवावी तसं झालं. आत कुणी नव्हतं. उजवीकडच्यातही नव्हतं. ते पुन्हा डावीकडे वळले, आणि दारापाशी पोचलेली चाळणवाली बारीक खोकली. उजवीकडे वाकले, शांतता. डावीकडे, पुन्हा खोकला.

"भुकटी गेली घशात," ती भिंतीला म्हणाली.

काकांच्या हातात पांढरी दोरी होती. डाव्या पोत्याला बांधली की काम झालं. मालक खूश, नोकरी शाबूत, नावही शाबूत. ज्या लबाडीच्या मागे ते आयुष्यभर होते ती समोर उभी होती, चष्मा पुसत. आणि ती केली होती त्यांच्यासाठी. जाता जातासुद्धा करत होती.

"मालक," काका म्हणाले, "मला दोन्हींत काही येत नाही."

"दोन्ही खराब?"

"दोन्हींचं मला ठाऊक नाही. माझं नाक खराब. तापापासून गेलंय. मी पोती एकाआड एक पास करतोय."

मालक एका पोत्यावर मटकन बसला. "काका, अहो, लोक खातात हे."

"म्हणून तर ती बदलत होती."

काकांनी हातातली पांढरी दोरी परत खिशात ठेवली. मग काकांनी चाळणवालीला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं. तुझ्यावरच संशय घेतला असता."

"तो काय, तसाही घेतलातच."

मालकाला हसू आलं आणि ते त्याला आवरता आलं नाही. मग तोंड पुसून तो म्हणाला, "बाई, मघाचं विसरा. उद्यापासून पोती तुम्ही बघा. काका, तुम्ही..." आणि तिथं त्याचं घोडं अडलं.

"उद्यापर्यंत कशाला?" काका म्हणाले. खिशातल्या दोऱ्यांचं भेंडोळं काढून त्यांनी तिच्या हातात दिलं आणि तिच्या पाटावर जाऊन बसले. "चाळायला मी आहे. धुळीचा मला तेवढा त्रास नाही आता."

"चाळण अशी आपटायची नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मनगटातून फिरवा."

"हं," काका म्हणाले आणि मनगटातून फिरवू लागले.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

"अहो, आज पोत्यात झोपला होतात का? आधी आंघोळीला चला."

"खूप येतोय?"

"खूप म्हणजे काय, जिन्यातूनच कळलं मला."

"कसा येतोय?"

"कसा म्हणजे? तुमच्या मुळीचा येतोय."

"ते झालं. पण कसा?"

चेष्टा करताहेत की नवीन काही संशय काढलाय, म्हणून तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग काही न विचारता जवळ आली आणि त्यांच्या खांद्यापाशी वाकली.

"ओल्या लोकरीसारखा," ती म्हणाली. "त्याच्या खाली माती. पाऊस न पडलेली, सावलीतली. आणि थांबा, किंचित गोडही आहे काहीतरी."

ती पुन्हा वाकली. काका चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले, तिचं सांगून होईपर्यंत.