गाडीबाहेर काढलेल्या चपला

माझ्या नवऱ्याला गाडीत आणखी काय काय हवं होतं, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गाडी घेऊन सव्वा महिना झाला. सीटमधून गार हवा यायला हवी होती म्हणे. पाय हलवला की डिकी उघडायला हवी होती. त्या शनिवारी रोह्याहून कासूकडे जाताना सुजयला नवीनच सुचलं, गाडीनं आतली धूळ आपली आपण ओढून घ्यायला हवी. आम्ही माझ्या आईला दवाखान्यात न्यायला निघालो होतो आणि हे गृहस्थ धुळीचं बोलत होते.

आई, काशीबाई, जन्मभर मिठागरात राबली. पुढे साखर निघाली आणि पायांची जाणीवच गेली. गेल्या वर्षी उजव्या पायाची करंगळी कापावी लागली. रोह्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, पुन्हा जखम झाली तर पाऊल वाचवणं कठीण. मऊ तळव्याच्या चपलाही त्यांनीच करून घ्यायला लावल्या.

खाडीकडच्या बांधावर आई आमची वाट बघत उभी होती. सुजयनं उतरून आधी मागच्या सीटपुढे पेपर पसरला, चांगला चार पदरी.

"आई, पाय यावरच ठेवा हां."

मी पुढे बसून तिच्या फायलीतले रिपोर्ट लावत होते. मागे वळून नीट पाहिलं नाही, ही माझी चूक, नाकारत नाही. सुजयनं गाडी जरा पुढे नेली, मग मागे घेऊन वळवली आणि आम्ही निघालो.

आईनं माझ्यासाठी सुका जवळा आणला होता, पिशवीला तीन गाठी मारून. नागोठणं येईपर्यंत सुजय नाक चोळत राहिला. "वास शोषून घेणारं काहीतरी गाडीतच बसवून द्यायला पाहिजे कंपनीनं," तो म्हणाला. आई बिचारी ओशाळली. "काच उघडा ना, जावयबापू." मला त्याच्या नाकाचाच राग आला. पण दवाखान्याच्या वाटेवर भांडण नको होतं.

दवाखान्यापुढे रस्त्याचं काम चाललं होतं, खडी पसरलेली. आई उतरून खडीवरून चालत पायऱ्या चढली. मी मागून गेले, तर पांढऱ्या लाद्यांवर लाल ठसे.

"आये, चपला कुठं?"

"काढल्या गो. नव्या गाडीत चपला घालून कशी चढू? दाराशी काढल्या. वाटलं, तू घेतल्यास उचलून."

तिनं खाली वाकून पाहिलं आणि पायातून रक्त येतंय हे तिला तेव्हा कळलं.

सुजय गाडी लावून आला होता. मी कपाळावर हात मारला. "अरे, चपला बांधावरच राहिल्या!"

"दिसल्या होत्या मला," तो शांतपणे म्हणाला. "गाडी मागे घेताना कॅमेऱ्यात. चिखलानं माखलेल्या होत्या. म्हटलं, दवाखान्यात तरी बाहेरच काढायला लावतात ना."

मला शिसारी आली. चिखलाची नाही, जवळ्याच्या वासाची तर नाहीच. सहा वर्षं ज्याच्या ताटात मी जेवले, त्या माणसाची. त्याला चपला दिसल्या, चपलांवरचा चिखलही दिसला, आणि त्यानं गिअर टाकला.

आत डॉक्टरांनी चिमट्यानं टाचेतली खडी काढली. एक खडा निघाला, मग दुसरा, मग काचेचा तुकडा. आई छताकडे बघत पडून होती. "काय दुखत नाय हो डॉक्टर, तुम्ही काढा," ती त्यांनाच धीर देत होती. हात धुताना डॉक्टर मला म्हणाले, "ॲडमिट करा. पाऊल राहतंय का, ते चार दिवसांनी सांगतो."

हे तिनं ऐकलं असावं. माझा हात ओढून मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "घरी जाताना पाय धुऊन बसेन गो. जावयबापूंना सांग, गाडी नाय खराब करनार."

मी बाहेर गेले. सुजयला तिचा निरोप दिला नाही. गाडी घेऊन घरी जा, इतकंच सांगितलं. आम्ही आमच्या येऊ.