बेड नंबर चारचं साम्राज्य

"हे गोल गोल काय फिरून राहिलं गा?"

शेजारच्या पाच नंबरच्या बेडवरून बायजाबाईनं मान उचलून विचारलं. सुशील मेश्रामनं मांडीवरच्या लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे थोडा वळवला. त्याच्या डाव्या हातात दोन सुया होत्या. एकीतून त्याचं रक्त उशाजवळच्या मशीनमध्ये जात होतं आणि धुतलं जाऊन दुसरीतून परत येत होतं. चार तास तो हात हलवायचा नाही. जे काय करायचं ते उजव्या हातानं.

"ग्रह आहेत, मावशी. त्यांच्यावर लोकं राहतात."

"खरंच?"

"खरंच नाही, गेम आहे. अख्ख्या आकाशात आपलं राज्य उभं करायचं."

"तुहा हाये?"

"नाही ना. घ्यावा का नाही, तेच पाहून राहिलो."

"कवापासून?"

"झाले दोन महिने."

"बाप्पा! दोन महिन्यात तं माह्या भाच्याचं लगन जुळलं अन् झालं बी." बायजाबाई स्वतःशीच हसली. तिच्या मशीननं टुंग केलं, तशी ती पुन्हा सरळ झोपली. पण डोळे पडद्यावरच होते.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. दुपारी बारा ते चार डायलिसिस. बायजाबाई भिवापूरहून एसटीनं यायची, सुशील वाडीहून. आठ महिन्यांपासून दोघं शेजारी होते. एकमेकांचं वजन किती वाढलं, कोणी किती पाणी जास्त प्यायलं, हे दोघांनाही घरच्यांपेक्षा आधी कळायचं.

आजारी पडण्याआधी सुशील वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात गाड्या लावायचा. बेचाळीस ट्रक. कोणता रायपूरला गेला, कोणता हैदराबादला अडकला, इंदूरहून परत येताना कोणाला कुठे माल मिळेल, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागद लागत नसे. दोन्ही कानांना दोन फोन लावून तो गोदामाच्या फाटकात उभा राहायचा आणि त्याची गाडी रिकामी परत आली असं वर्षातून चार वेळाही घडत नसे. आता त्याला त्रेचाळिसावं वर्ष चालू होतं. चाळिसाव्या वर्षी रक्तदाबानं गुपचूप दोन्ही किडन्या खाल्ल्या. शेठ माणुसकीचा, त्यानं कामावरून काढलं नाही. पण गाड्या लावायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि सुशीलकडे बिल्ट्या लिहायचं टेबल आलं. कोणाचा माल, किती नग, कुठे जाणार. लिहायचं आणि पुढे सरकवायचं.

गेम त्याला सापडला तो चार तास काढायच्या नादात. कोणीतरी स्वतः खेळत असतानाचा व्हिडिओ टाकला होता. त्या माणसानं एका ग्रहावरून लोखंड आणायला बारा जहाजं लावली होती आणि ती सगळी जाताना रिकामी जात होती. पलीकडे त्याच ग्रहावरचे लोक धान्य धान्य करत होते. सुशील पाच मिनिटं पाहत राहिला. मग त्याच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अबे, रिकामी काहून पाठवून राहिला!"

टेक्निशियन रोशनी धावत आली. तिला वाटलं, सुई निसटली.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. गेमची एकशे चाळीस पानांची माहितीपुस्तिका त्यानं इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन वाचली. एक दोनशे पानी वही आणली आणि तीत तारे काढले, ताऱ्यांमधले रस्ते काढले. वाडीच्या नाक्यावर ट्रकची रांग लागलेली दिसली की त्याला जहाजं दिसायची. लोकांचे अभिप्राय तो पुन्हा पुन्हा वाचायचा. एकानं लिहिलं होतं, 'दोनशे तास खेळलो, आता कुठे थोडं कळायला लागलं आहे,' आणि वर पैकीच्या पैकी गुण दिले होते. ते वाचून सुशील वही मिटून ठेवायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडायचा.

तरी तो घेत नव्हता. विचारलं तर कारणं तयार होती. लॅपटॉप आठ वर्षांचा, पंखा घरघरतो. इंग्रजी अवघड. आणि या वयात गेम? पण खरं कारण सहा नंबरच्या बेडपाशी होतं.

खिडकीजवळच्या त्या बेडवर भैयाजी म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. उर्दू शिकायचं पुस्तक घेऊन. उजवीकडून डावीकडे बोट फिरवत मोठ्यानं अक्षरं लावायचे, सगळा वॉर्ड हसायचा, तेही हसायचे. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी त्या बेडवर दुसराच माणूस होता. पुस्तक कपाटाच्या खणात तसंच राहिलं होतं. रोशनीनं ते काढलं तेव्हा सुशीलला दिसलं, एकोणिसाव्या धड्यावर पेन्सिलीची खूण होती. पुढे एकवीस धडे कोरे.

तेव्हापासून सुशील लांबलचक असं काही सुरूच करत नव्हता. किडनी मिळायच्या यादीत त्याचं नाव होतं. डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षं लागतील, पाचही लागतील. तो मंगळवार ते गुरुवार, गुरुवार ते शनिवार असा जगत होता. आणि हा गेम तर संपतच नव्हता. पाचशे वर्षांचं राज्य! लोक एकेक डाव वर्ष-वर्ष चालवत होते.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं बायकोजवळ विषय काढला. नंदिनी बालवाडीत शिकवायची. शाळेतून येऊन तिनं चहा केला, स्वतःला कपभर, त्याला मापानं अर्धा.

"एक गेम घ्यायचा विचार करून राहिलो."

"मोबाईलचा?"

"नाही, मोठा आहे. कम्प्युटरचा. अवघड आहे खूप. शिकायलाच शंभर तास लागतात म्हणते."

"शंभर?" नंदिनीनं कप खाली ठेवला. "तुम्हाले जमल काय?"

"मले? मले तर असा जमल ना!" तो एकदम पुढे सरसावला. "त्यात काय आहे नंदिनी, लढाई सगळे करतात. पण माल वेळेवर पोचला पाहिजे. कोणत्या ग्रहावर काय पिकते, कुठं काय कमी आहे, कोणतं जहाज कुठून वळवायचं. हे पाय, हा मी काढलेला नकाशा. इथं सगळे लोकं दोन फेऱ्या मारतात. मी एकीत भागवतो!"

त्यानं वही उघडून तिच्यापुढे सरकवली. नंदिनी वहीकडे न पाहता त्याच्याकडेच पाहत होती. हा फाटकातला आवाज तिनं तीन वर्षांत ऐकला नव्हता.

"मग घ्या ना. मले काहून विचारून राहिले?"

सुशीलनं वही मिटली. "नाही, पण एवढा मोठा सुरू करायचा आणि मधेच..."

"मधेच काय?"

सुशील वहीचा कोपरा दुमडत राहिला.

"बोला ना, मधेच काय?" नंदिनीचा आवाज चढला. "मागच्या उन्हाळ्यात आपण फ्रिज घेतला. दुकानदार पाच वर्षांच्या गॅरंटीचा दाखवून राहिला होता. मी म्हटलं, दहावाला दाखवा. तुम्ही बाजूलेच उभे होते ना? मी कोणासाठी घेतला तो दहा वर्षांचा? एकटीसाठी?"

तिनं दोन्ही कप उचलले आणि मोरीकडे गेली. नळ जरा जास्तच जोरात सुटला. सुशीलनं मिटलेली वही बाजूला सारली. मग त्यानं लॅपटॉप उघडला. विकणाऱ्यांचा एक नियम त्यानं कधीचा वाचून ठेवला होता. दोन तासांपेक्षा कमी खेळला तर गेम परत करता येत होता. दोन तास पाहू, त्यानं स्वतःला समजावलं, नाही पटला तर देऊ परत. आणि पुन्हा विचार करायला वेळ न देता त्यानं बटण दाबलं.

शनिवारी बारा वाजता सुया लागल्या आणि सव्वाबाराला बेड नंबर चारवर पंखा घरघरायला लागला.

"घेतला?" बायजाबाईनं विचारलं.

"घेतला, मावशी."

"मंग इकडं कर ना जरा. मले दिसू दे."

रोशनीनं जेवणाचं टेबल दोन बेडच्या मधे ओढून त्यावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर काळंभोर आकाश उघडलं. त्यात एकच निळा गोळा. गेमनं पहिलाच प्रश्न विचारला, राज्याचं नाव काय?

"भिवापूर ठेवू?" सुशीलनं विचारलं.

"नोको बाप्पा! हारला तं गावात तोंड कसं दाखवू?"

शेवटी त्यानं लिहिलं, बेड नंबर चार.

वहीतला त्याचा बेत पहिल्या अर्ध्या तासात पार कोसळला. लोखंड पाहिजे म्हणून त्यानं सगळी जहाजं खाणीकडे लावली आणि इकडे घरच्याच ग्रहावर धान्य संपलं. लाल दिवे लागले. लोक रस्त्यावर आले.

"हे काहून चिडून राहिले?"

"उपाशी आहेत."

"मंग लोखंड खातीन का ते?" बायजाबाई खरंच रागावली होती. "पयले पानी पाय, मंग दाने पाय, मंग तुहं लोखंड. एवढं बी समजत नाही का गा?"

सुशीलनं कपाळावर हात मारला. वाडीत कोणी त्याला असं बोललं असतं तर चाललं नसतं. पण ती बरोबर होती. त्यानं खेळ थांबवला, नकाशा पुन्हा डोळ्यांखालून घातला आणि सहा जहाजं वळवली. जाताना धान्य, येताना लोखंड. एका ग्रहावर बर्फ सापडला, तो पाण्यासाठी उचलला. सातवं जहाज तरी रिकामं राहतच होतं. त्याला ते सहन होईना. त्यानं मधला एक तारा शोधला, तिथं गोदाम उभं केलं, आणि सातही जहाजं भरलेली फिरायला लागली.

"चाल रे, चाल!" तो पडद्याला म्हणत होता. "तिकडून उचल, इकडं टाक. थांबू नको. शाब्बास!"

लाल दिवे एकेक करून विझले. शेजारच्या राज्याचा एक हिरव्या तोंडाचा राजा आला आणि त्यानं सैन्य दाखवलं. सुशील तोफा पाहायला लागला, तर बायजाबाई म्हणाली, त्याच्या घरी दाणे आहेत का ते आधी विचार. नव्हते. सुशीलनं दोन जहाजं धान्य पाठवलं आणि हिरवा राजा गोड हसून निघून गेला. बायजाबाईनं उशीवर थाप मारली. सहा नंबरचा नवीन माणूस उठून बसला होता आणि कोण जिंकलं ते विचारत होता.

मधेच सुशीलचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे गेलं. दोन तास सतरा मिनिटं.

"मावशी, दोन तास झाले."

"मंग?"

"आता परत नाही करता येत."

"परत कायले करतं?" तिनं डोळे पडद्यावरून काढलेही नाहीत. "थो पिवळा तारा पाय. तिथिसा पानी हाये म्हनत होता ना तू?"

पिवळा तारा लांब होता. सुशीलनं एक जहाज माणसांनी भरलं, बियाणं भरलं, बर्फ भरला आणि तिकडे सोडलं. ते पोचायला गेममधली बारा वर्षं लागणार होती. दोघं त्याची वाट पाहत बसले.

चार वाजत आले तशी रोशनी आली. आधी बायजाबाईचं मशीन बंद झालं. सुया निघाल्या, पट्टी लागली, वजन झालं. तिची पिशवी भरलेली होती, पाचची बस गाठायची होती, पण ती बेडशेजारीच उभी राहिली.

"चला दादा, तुमचा पण टाइम झाला," रोशनी म्हणाली.

"दहा मिनिटं दे ना, रोशनी."

रोशनी थबकली. "काय?"

"दहाच मिनिटं. जहाज पोचून राहिलं."

"अहो दादा, लोकं इथं दहा मिनिटं आधी सोड म्हणून हात जोडतात!" ती हसायला लागली. "बाहेर पुढचे पेशंट बसून आहेत. नाही जमणार."

तिनं रक्त परत दिलं, सुया काढल्या आणि कापसाचा बोळा ठेवून त्याचा उजवा हात त्यावर आणून टेकवला. "जोरात दाबून धरा. सोडायचं नाही." आणि ती पुढच्या बेडकडे गेली.

तेवढ्यात पडद्यावर जहाज पोचलं. पिवळ्या प्रकाशात एक तपकिरी गोळा हळूहळू फिरत होता आणि त्याच्यासमोर एक चौकट उघडून थांबली होती.

"काय म्हनते?" बायजाबाईनं विचारलं.

"इथं वस्ती करायची काय, विचारून राहिलं."

"मंग हाव म्हन ना."

"कसं म्हणू?" सुशीलनं मानेनंच दोन्ही हात दाखवले. डाव्यावर उजवा, घट्ट.

बायजाबाईनं पिशवी खाली ठेवली. ती टेबलापाशी आली. "कोनतं दाबू?"

"तो उजवीकडचा मोठा. हां, तोच."

चाळीस वर्षं मिरच्यांचे देठ खुडून तिचं ते बोट काळपट पडलं होतं, टोकाला चिरलं होतं. ते बटणावर येऊन थांबलं. मग तिनं हात मागे घेतला, बोट पदराला स्वच्छ पुसलं, आणि दाबलं.