मागून शह

चंद्रभानने हॉलचं दार ढकललं तेव्हा कुंदाचा हात पटावरच्या काळ्या हत्तीकडे निघाला होता.

तिने वर पाहिलं. चंद्रभानच्या हातात लॅबचं पिवळं पाकीट होतं. पस्तीस वर्षं त्याच्याशी संसार केलेल्या बाईला त्याने काही सांगण्याची गरज नव्हती. तिचा हात हत्तीवरून पुढे गेला आणि समोरच्या गुलाम नबींच्या हातात थांबला. डाव सोडला. नोंदीच्या कागदावर सही करायचंही राहिलं. ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चला."

सकाळी तिने बजावलं होतं, "रिपोर्ट काहीही येवो, डाव संपल्याशिवाय आत येऊ नका." तो आत गेला होता.

ही मागच्या जानेवारीतली गोष्ट. ऑगस्टात कुंदा गेली.

जठारपेठेतल्या कुंदाच्या बुद्धिबळ क्लबाची एक रीत होती. अमरावतीच्या क्लबाशी सामना झाला की पुढच्या रविवारी हरलेल्या प्रत्येकाने आपला डाव मोठ्या पटावर मांडायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं, ही माझी चूक. सबब सांगायची नाही. ही रीत कुंदानेच घातली होती. गणिताची मास्तरीण ती. चूक लपवली की ती मुक्कामाला राहते, असं म्हणायची. तिचा स्वतःचा शेवटचा डाव मात्र मांडायचा राहिला. त्या रविवारी ती नागपूरला दवाखान्यात होती.

यंदाच्या सामन्यानंतरच्या रविवारी चंद्रभान त्याच पिवळ्या पाकिटात तिच्या डावाचा नोंदीचा कागद घेऊन क्लबात आला. भिंतीवर कुंदाचा फोटो, त्याला ताजा हार. अमरावतीहून गुलाम नबीही आले होते. चष्म्यांचं दुकान भाच्यावर टाकून सकाळच्या गाडीने.

"हा डाव मांडा," चंद्रभान म्हणाला.

सेक्रेटरी महादेवरावांनी कागद पाहिला आणि घडी घालून परत केला.

"चंद्रभानभाऊ, गेलेल्या माणसाची चूक काढत नसतात जी. आमचं ठरलं हाय. गुलामभाईही तयार हायेत. वहिनीचा तो डाव बरोबरीत लिहून टाकू. तिची आठवण म्हणून."

"आठवण म्हणून?"

"हौ ना."

"तिनं कोनाचा फुकटचा अर्धा गुण घेतला होता का कधी?"

मागून क्लबातला देवीदास पुटपुटला, "याले तं घोडा कसा चालते हेही मालूम नाई, अन् डाव मांडाले निंगाला."

"नव्हतं मालूम," चंद्रभान मागे न वळता म्हणाला. "एसटीच्या वर्कशॉपात घोडे नसतात बाप्पा. आता मालूम हाय."

तो स्वतःच मोठ्या पटापाशी गेला. सोंगट्या लावायला त्याला वेळ लागला. इंजिन खोलून ठेवावं तशी एकेक सोंगटी तो कागदाशी ताडून पाहत होता. शेवटी पटावर थोडंच उरलं. दोन राजे, दोन हत्ती आणि पांढऱ्याचं एक प्यादं. त्याला वजीर व्हायला दोनच घरं बाकी.

"आता चाल काळ्याची. इथं तिनं डाव सोडला. सांगा, हरली होती का?"

देवीदासने मान पुढे काढली, ओठ हलवत काही मोजलं आणि हळूच म्हणाला, "नाई. हत्ती पार तळाले न्यायचा. मंग मागून शह देत राहाचं, डाव बरोबरीत सुटते. हे तं वहिनीनंच शिकवलं होतं आमाले."

"तिचा हात हत्तीवरच चालला होता. म्या दार लोटलं." चंद्रभानने सोंगटी घट्ट धरली होती. "ती आत येऊ नका म्हणे. म्या गेलो. रीत हाय ना तुमची? मंग घ्या. चूक माही हाय."

गुलाम नबींनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"एक चूक अजून हाय, चंद्रभानभाऊ. मले दिसत होतं का डाव बरोबरीचा हाय. कुंदाताईनं हात पुढं केला अन् म्या घेतला. थांबा ताई, असं म्हनाले पाह्यजे होतं. सालभर म्हणलं नाई. म्हणून तं बरोबरी लिहा म्हणून राहिलो."

चंद्रभानने खुर्ची ओढली.

"लिहू नका. बसा. खेळा."

"तुमच्यासंगं?"

"इथून पुढं. अन् रहम करू नका. केला तं मले समजते."

गुलाम नबी पांढऱ्याच्या बाजूला बसले. चंद्रभानने हत्ती उचलला आणि तळाच्या रांगेत नेऊन ठेवला. कुंदाच्या वहीतला हा एकच शेवट त्याने पाच महिने रोज मांडला होता, कधी कधी गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत. पांढरा राजा पुढे सरकला. मागून शह. राजा बाजूला झाला. पुन्हा शह. गुलाम नबींनी दोनदा कपाळ चोळलं, एकदा चांगली दहा मिनिटं विचार केला. राजा हत्तीच्या अंगावर धावून आला असता, तर मागे प्यादं एकटं पडलं असतं. ते खरंच खेळत होते, हे चंद्रभानला कळत होतं. त्याची एकही चाल चुकली नाही.

शेवटी गुलाम नबींनी हात पुढे केला.

"बरोबरी. अन् ही दिलेली नाई."

"नाई," चंद्रभान म्हणाला.

महादेवरावांनी उरलेल्या चाली त्याच कागदावर उतरवल्या. गुलाम नबींनी पांढऱ्याच्या जागी सही केली आणि पेन चंद्रभानपुढे धरलं.

"तुमी करा जी. तुमीच खेळले ना?"

चंद्रभानने पेनाला टोपण लावलं.

"डाव तिचा हाय."

कागद त्याने जुन्या घडीवरच दुमडला आणि पिवळ्या पाकिटात, रिपोर्टाच्या बाजूला ठेवला. पांढऱ्याची सही झाली आहे. काळ्याची राहिली आहे.