बंडप्पानं शिवलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना क्रिकेटचा चेंडू आहे. माझा लाल रंग कधीच उडून गेला. नवखा माणूस मला पहिल्यांदा पाहतो, तेव्हा त्याला मी वाळलेलं कवठ वाटतो. नळदुर्गच्या एका शाळेतल्या काचेच्या कपाटात मी राहतो. माझी शिवण नीट पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. अर्धे टाके बारीक आणि पांढरे आहेत, आणि अर्धे जाड, मेणानं काळवंडलेल्या दोऱ्याचे. त्या जाड टाक्यांची हकीकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म सियालकोटचा. बुचाच्या गोळ्यावर लोकरीचा धागा गुंडाळला, वर कातड्याच्या चार फाका चढवल्या, आणि एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवून घट्ट केलं. तिथून रेल्वेनं मी सोलापूरच्या एका दुकानात आलो. १९३९ साली शरणबसप्पानं मला विकत घेतलं.

शरणबसप्पा हा नळदुर्गच्या कापडवाल्यांचा मुलगा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. सोलापूरला शिकायला होता तेव्हा त्याला क्रिकेटचं वेड लागलं. नळदुर्ग त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीचा नाका लागायचा, तिथं येणारा-जाणारा माल तपासत. नाक्यावरच्या शिपायानं मला दाबून पाहिलं, हुंगून पाहिलं आणि कानाशी धरून हलवलं.

"ये क्या चीज है?"

"खेळायचा चेंडू आहे."

"इतना भारी? किसी के सर पे लगा तो?" असं म्हणत त्यानं मला परत केलं. अशा तऱ्हेनं मी निजामाची रयत झालो.

किल्ल्याच्या बाहेर, बोरी नदीच्या अलीकडे एक मुरमाड माळ होता. त्यावर काथ्याची चटई अंथरून नळदुर्गचा संघ दर शुक्रवारी खेळायचा, कारण निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. संघात शाळेचे मास्तर होते, तहसिलातले कारकून होते, आडत दुकानातला महालिंगप्पा होता. जलद गोलंदाजी करायचे ते पाटलांचे हिंमतराव. शरणबसप्पा कप्तान आणि यष्टीरक्षक होता. सगळे त्याला अप्पा म्हणत. खेळून झालं की तो मला फडक्यानं पुसायचा, जवसाच्या तेलाचं बोट लावायचा. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

माळाच्या कडेला कडुलिंबाचं एक झाड होतं. त्याखाली बंडप्पा मोटा शिवत बसायचा. वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं काटक, बोलणं कमी. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या कातडी मोटा त्याच्याकडे दुरुस्तीला यायच्या. त्यानं शिवलेल्या मोटेतून आलेलं पाणी सगळं गाव प्यायचं. त्याच्या हातचं पाणी मात्र कुणी पीत नसे. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली माणसंही त्याला 'बंड्या' म्हणून हाक मारत.

पुढं महायुद्ध पेटलं आणि बाजारातून नवे चेंडू नाहीसे झाले. आणि १९४२ च्या पावसाळ्यानंतर, हिंमतरावांच्या एका तडाख्यानं माझी शिवण अर्ध्यावर उसवली. आतली लोकर बाहेर आली. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. पण शरणबसप्पा मला बंडप्पाकडे घेऊन गेला. दुरूनच मला त्याच्यापुढं टाकत म्हणाला, "बंड्या, शिवता येईल का रं?"

बंडप्पानं मला उचललं. असा हात मला तोवर लागलेला नव्हता. मांडीवर दोरा वळून वळून त्याची बोटं तारेसारखी झाली होती. त्यानं आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि एकेक टाका असा ओढला की मी पुन्हा दगडासारखा घट्ट झालो. शेवटची गाठ मारल्यावर त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग उठून तीन पावलं चालला आणि मला लिंबाच्या खोडाकडं टाकलं. सुटताना त्याच्या बोटांनी मला असा पीळ दिला की मी हवेत भोवऱ्यासारखा फिरलो. खोडाच्या हातभर बाहेर टप्पा पडला, आणि तिथून मी आत वळून थेट खोडावर आदळलो.

इरम्मा, त्याची बायको, भाकरी घेऊन आली होती. तिनं मला उचलून आणलं. "तीन वर्सं झाली, रोज सकाळी तुमचा त्यो कातड्याच्या तुकड्यांचा चेंडू आणून देतीया. आता ह्यो कुणाचा धरलाव?"

तेव्हा मला कळलं. हा माणूस तीन वर्षं त्या झाडाखालून नुसता खेळ पाहत नव्हता, मनातल्या मनात खेळत होता.

मला न्यायला परत आलेला शरणबसप्पा मागं उभा होता. त्यानंही सगळं पाहिलं होतं. "अजून एकदा टाक," एवढंच तो म्हणाला. बंडप्पानं सहा वेळा टाकला. सहाही वेळा मी खोडावर गेलो.

पंधरा दिवसांवर जिल्ह्याच्या संघाशी सामना आला होता. नळदुर्ग तीन वर्षं लागोपाठ हरलं होतं. यंदा तर घोड्यावरून पडून हिंमतरावांचा खांदा दुखावला होता. फलंदाजी कशीबशी करता आली असती, गोलंदाजी नाही. शुक्रवारी सगळे जमल्यावर शरणबसप्पा म्हणाला, "बंड्याला घ्यायचा."

कुणाला आधी पटेचना. मग गलका झाला. हिंमतराव उठून उभे राहिले. "त्यो येणार असंल तर आमी न्हाय."

महालिंगप्पा म्हणाला, "अप्पा, त्यानं हात लावलेला चेंडू आमी झेलायचा कसा?"

शरणबसप्पानं मला पिशवीतून काढून सगळ्यांपुढं धरलं. "ही शिवण बघा. टाका न् टाका त्याच्या हातचा हाय. दोन शुक्रवार झाले, तुमी ह्योच झेलताय."

महालिंगप्पानं आपल्या तळव्यांकडं पाहिलं. मास्तर मान हलवून हसले. हिंमतराव मात्र निघून गेले, आणि त्यांच्यामागं दोन कारकूनही. मास्तरांनी शाळेचा शिपाई आणि आपला भाचा आणून अकराजण पुरे केले.

बंडप्पाला विचारायला शरणबसप्पा लिंबाखाली गेला.

"सावकार, चेष्टा करू नका गरिबाची."

"चेष्टा न्हाय. सामना जिंकायचाय मला."

"आन् हरलाव तर?"

"तर कप्तान मी. नाव माझं जाईल."

"न्हाय सावकार. हरलाव तर नाव माझंच घेत्याल." बंडप्पानं आरी खाली ठेवली. मग म्हणाला, "येतो म्या."

सामन्याच्या दिवशी माळावर हजारभर माणूस जमलं. तालुकदार साहेबांसाठी, म्हणजे निजामाकडच्या कलेक्टरसाठी, तंबू ठोकला होता, आत चांदीचा कप ठेवला होता. पाहुण्यांकडेही नवा चेंडू नव्हता. त्यांचे कप्तान करीमोद्दीन साहेब पेशानं वकील होते. त्यांनी मला फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चलेगा." नळदुर्गनं आधी खेळून चौऱ्याण्णव धावा केल्या.

मग बंडप्पाच्या हाती मी आलो. तो हात त्या दिवशी घामानं ओला होता. पहिलाच चेंडू आखूड पडला. करीमोद्दीन साहेबांनी मला असा टोला हाणला की मी नदीच्या काठी जाऊन थांबलो. दोन षटकांत एकोणीस धावा गेल्या. गर्दीतून कुणी ओरडलं, "जा, मोट शिव!" लोक खदखदून हसले. बंडप्पाच्या बोटांतला जीव गेल्यासारखा झाला. मला ते कातड्यातून जाणवलं.

महालिंगप्पा धावत आला. "अप्पा, बदला त्याला. अजून वेळ हाय."

शरणबसप्पा बंडप्पाजवळ गेला. "काय होतंय?"

"सावकार, लिंबाचं खोड जाग्याव असतं. ह्यो मानूस फुडं येतो. टप्पा चुकतोय माजा."

"येऊ दे पुढं. तू त्याला अजून पुढं बोलव. त्याच्या मागं मी हाय."

बंडप्पानं एकदा कप्तानाकडं पाहिलं. मग धोतराला हात पुसले, मला शिवणीवर धरलं आणि तीन पावलं टाकली. या वेळी मी उंच गेलो, हळू गेलो. समोर आता करीमोद्दीन साहेबांचा जोडीदार होता; तो हावरेपणानं दोन पावलं पुढं आला. माझा टप्पा काथ्याच्या चटईवर पडला, काथ्यानं मला पकडलं, आणि मी त्याच्या बॅटच्या शेजारून वळून शरणबसप्पाच्या हातात गेलो. फलंदाज मागं वळेपर्यंत यष्ट्या उडाल्या होत्या.

त्यानंतर कुणी हसलं नाही. एक पायचीत झाला, एकाची दांडी उडाली, आणखी दोघं पुढं येऊन यष्टीरक्षकाच्या हाती सापडले. बंडप्पा कुणाकडं बघत नव्हता. दर चेंडूनंतर मला हातात घेऊन तो शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि पुन्हा तीन पावलं चालायचा. पण एका बाजूनं करीमोद्दीन साहेब उभेच होते. एक्क्याण्णव धावा झाल्या, नऊ गडी बाद. एक चौकार गेला असता तर खेळ संपला असता.

साहेबांनी पाय पुढं टाकून मला हवेत उचललं. मी उंच, उंच गेलो. खाली महालिंगप्पा होता. तोच, ज्यानं झेलायचं कसं म्हणून विचारलं होतं. तो मागं मागं धावला, अडखळला, आणि दोन्ही हातांनी मला छातीशी कवटाळून पाठीवर पडला. सगळे येऊन त्याला उठवत होते, तरी तो मला सोडेना.

करीमोद्दीन साहेब बॅट बगलेत धरून सरळ बंडप्पाकडं गेले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "क्या हाथ है, मियाँ! इतने साल कहाँ थे?"

बंडप्पा म्हणाला, "हितंच व्हतो, साहेब. लिंबाखाली."

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! पण तसं झालं नाही. कप मिळाला. तंबूत चहा सुरू झाला. मी शरणबसप्पाच्या खिशात होतो. दहा खेळाडू आत जाऊन खुर्च्यांवर बसले आणि सहा गडी बाद करणारा बाहेर उन्हात उभा राहिला. कुणीतरी त्याला करवंटीत चहा ओतून दिला. शरणबसप्पानं ते पाहिलं आणि मान खाली घातली. बंडप्पानं करवंटी तशीच भरलेली जमिनीवर ठेवली, आरीची पिशवी उचलली आणि तो घराकडं चालू लागला.

पुढचे दोन शुक्रवार तो आला नाही. लिंबाखालीही बसला नाही. तिसऱ्या शुक्रवारी शरणबसप्पा मला घेऊन गावकुसाबाहेर त्याच्या घरी गेला. दारात इरम्मा उभी होती.

"चेंडू शिवायला आणलाय का टाकायला बोलवायला आलाव?"

"बोलवायला आलोय."

"मग उभ्यानं बोलू नगा. बसा. पानी देऊ का?"

बंडप्पा आतून घाईनं बाहेर आला. "इरे, सावकारास्नी कशाला पेचात टाकतीस?"

"पेच म्या टाकला व्हय? सामन्याच्या दिशी ह्यो तुमचा हात लई चालला की त्यांस्नी," असं म्हणत तिनं तांब्या पुढं केला.

शरणबसप्पाचा हात क्षणभर थांबला. त्या एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढं काय काय आलं असेल! वडील, देव्हारा, दुकान, पेठ. मग त्यानं तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यायला. अर्धं नाही, सगळं.

"बंडप्पा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी मान खाली घातली. मी चुकलो. तुमी या."

इरम्मानं रिकामा तांब्या घेतला आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली. बंडप्पानं माझ्याकडं हात पुढं केला.

त्या तांब्याची किंमत शरणबसप्पानं भरपूर मोजली. दोन महिने वडिलांनी त्याला आपल्या पंक्तीला बसू दिलं नाही. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. खेळून झालं की अकराही जणांनी एकाच सतरंजीवर बसायचं आणि एकसारख्या कपांतून चहा प्यायचा, असं त्यानं ठरवलं तेव्हा आणखी एकजण संघ सोडून गेला. काही गावांनी आमच्याशी खेळायला नकार दिला. त्या वर्षी आमचे फक्त चार सामने झाले. पण शरणबसप्पा हटला नाही, आणि बंडप्पाही नाही. भूमच्या सामन्यात प्रेक्षकांनी मुरमाचे खडे मारले, तेव्हा कपाळावरचं रक्त पुसून त्यानं षटक पुरं केलं होतं.

१९४७ पर्यंत तो खेळला. मग राज्यात धामधूम माजली, माळ ओस पडला आणि मी एका पत्र्याच्या पेटीत धूळ खात पडलो. कुणी मला तेल लावलं नाही. माझं कातडं तडकलं ते तेव्हा. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला, पण तोवर बंडप्पाची बोटं आखडली होती. मग शरणबसप्पानं मला कायमचं त्याच्या हाती दिलं आणि तो इतरांना शिकवू लागला. 'चेंडू हातात धरू नका, बोटात धरा,' असं सांगायचा. तो गेल्यावर इरम्मानं मला या शाळेत आणून दिलं.

मित्रांनो, मला आता मैदान नको. अधूनमधून तेलाचं एक बोट मिळालं तरी पुष्कळ. कातडं कोरडं पडलं की तडकतं, आणि मग कितीही तेल ओता, भेग बुजत नाही. माणसाचंही तसंच आहे, हे मी फार जवळून पाहिलं. तुम्ही खेळाल, संघ निवडाल, जिंकालही. ज्यानं तुमच्याबरोबर घाम गाळला, त्याला नुसतं खेळायला बोलावून थांबू नका. खेळ संपल्यावर तो कुठं बसला आहे, तेवढं मान वर करून बघा.