मीटरवरचे बारा अंक

मित्रांनो, मी एक संयुक्त संख्या आहे. जुनी म्हणाल तर कुणी मोजायला लागण्याआधीपासूनची. पण मला पहिलं काम मिळालं ते विजेच्या मीटरवर. कारखान्यातल्या कामगाराने मला पत्र्यावर ठोकून उमटवलं: ७९५३६०८२१६७७. दुखलं नाही. मला काहीच होत नाही.

माझे मूळ अवयव दोनच, ६११९५३ आणि १२९९७०९. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला तोंड नाही.

घर एका निवृत्त मोजणीदाराचं होतं. बायको गेल्यापासून तो आठ महिने अंथरुणातून उठला नव्हता. डॉक्टर येऊन गेले, शेजारी येऊन गेले, सगळे चहा पिऊन गेले. शेवटी त्याची मोठी बहीण, आक्का, बॅग घेऊन राहायलाच आली. तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. मीटरवरून मला कागदावर उतरवून तिने त्याच्या उशाशी ठेवलं. म्हणाली, "ही मूळ संख्या आहे का, तेवढं सांग. मग खुशाल झोप."

तो उठून बसला. पेन्सिल मागितली. मग दाढीचं सामानही मागितलं.

त्यांची पद्धत ठरली. सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसायचं. आक्का कोष्टकातून एकेक मूळ संख्या वाचणार, तो मला तिने भागणार. रोज वीस भागाकार. बाकी शून्य आली की काम संपलं. माझ्या वर्गमुळापर्यंत अशा सत्तर हजारांहून जास्त संख्या तपासायच्या होत्या, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं. भेटायला आलेल्या भाचीने एकदा फोन काढून म्हटलं, की हे मी आत्ता सांगते. आक्काने तिला भांडी घासायला पाठवलं.

सातव्या वर्षी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर वाचायला मनाई. तो आरामखुर्चीत डोळे मिटून बसे आणि आक्का भागाकार करून आकडे वाचून दाखवी. त्या आठवड्यात पन्नास हजारावी मूळ संख्या आली, ६११९५३. बाकी शून्य.

आक्काने गणित तीनदा केलं. मग खुर्चीकडे पाहिलं. तो दाढी करून बसला होता.

"भागाकार बारा लाख नव्व्याण्णव हजार सातशे नऊ," ती म्हणाली. "बाकी बारा."

"हं. पुढची सांग."

असं मला मूळ ठेवण्यात आलं. मला काही वाटलं नाही. आणखी तीन वर्षं मला भागलं गेलं.

शेवटचा भागाकार झाला त्या सकाळी त्याने नवा शर्ट घातला आणि गणिताच्या मासिकाला पत्र लिहायला घेतलं. एक मूळ संख्या सापडली आहे, पडताळणी हाताने केली आहे. आता लोक हसणार, हे आक्काला दिसत होतं. खरं सांगितलं तर हा पुन्हा झोपणार, हेही दिसत होतं. तिने पेनावर हात ठेवला.

"त्या दिवशी बाकी बारा नव्हती रे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तीन नवे सत्तावीस. त्यात बारा मिळवले तर शेवटी नऊ येतात. हिच्या शेवटी सात आहेत."

"मग पत्र कशाला लिहितोस?"

"तू कबूल कधी करतेस ते बघत होतो. तीन वर्षं लावलीस, आक्का."

मग आक्का उठली, चप्पल घालून शेजारच्यांच्या मीटरवरचा आकडा उतरवून घेऊन आली. ती संख्या माझ्याहून दोननेच मोठी. तिच्या अंकांची बेरीज त्रेसष्ट, म्हणजे तीनने भाग जातो हे शाळेतलं पोरही सांगेल. दोघांनी ती नीट पाहिली.

दोनने भागल्यावर बाकी एक उरली. मग तीनची पाळी आली.

"बाकी एक," मोजणीदार म्हणाला. आक्काने न अडखळता लिहून घेतलं.

मित्रांनो, एकच विनंती. माझ्या भागाकारांच्या वह्या रद्दीत देऊ नका. माझ्यासाठी नाही, मला फरक पडत नाही. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर त्या दोघांचं काम चालू आहे.