पुसलेलं ‘नको’

मानवजातीच्या इतिहासात खरे शोध तीनच: अग्नी, चाक आणि ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं ‘यापुढे पाठवू नका’ हे बटण. पैकी तिसऱ्याचा पत्ता मला गेल्या महिन्यात लागला. तोवर एका गादीच्या दुकानाकडून येणारी पत्रं मी मन लावून वाचत होतो आणि ‘आपली चौकशी पोचली, पाठ बरी आहे’ असं उलट कळवतही होतो. सुनेने ते पाहिलं, कपाळाला हात लावला आणि बटण दाबून टाकलं.

तिचा धंदाच तो. दुकानदारांना अशी पत्रं घाऊक पाठवता यावीत म्हणून तिची कंपनी सॉफ्टवेअर विकते आणि ते कसं वापरायचं याच्या सूचना सूनबाई लिहितात. नोकरी मात्र अजून कच्ची. पक्की व्हायला एकच पान आडवं आलं होतं. ‘नको’ म्हणालेल्या लोकांच्या नोंदी एकगठ्ठा पुसायचं एक नवं साधन निघालं होतं, त्याचं. पान मंजूर झालं तर नोकरी पक्की, नाही तर घरी.

मंजुरी द्यायची तिच्या साहेबांनी. त्यांना अख्खं ऑफिस लालपेन म्हणतं. त्यांची पद्धत अशी, की पान बाहेर जाण्याआधी ऑफिसबाहेरच्या एखाद्या अडाण्याने ते वाचून सॉफ्टवेअरच्या सरावाच्या प्रतीवर काम करून दाखवायचं. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं, पण ब्र काढायचा नाही. अडाणी चुकला, तर पान चुकलं.

“बाबा, तुम्हीच हवेत,” सून म्हणाली. “तुमच्याइतका कोरा माणूस मी आणू कुठून?”

इतक्या प्रेमाने अपमान झाला की नाही म्हणवत नाही.

सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पडद्याच्या कोपऱ्यात लालपेन साहेब चहा पीत होते. “काका,” ते म्हणाले, “यादीतल्या या लोकांना पुन्हा एकही पत्र जाता कामा नये. पान वाचा आणि योग्य ते करा.”

पान सुरेख होतं. यादी उघडा, उघडली. सगळ्या नोंदी निवडा, निवडल्या. पुसा. मशीनने विचारलं, नक्की ना? म्हटलं, बिचारे कंटाळलेत, नावनिशाणीच पुसून टाकू, सुटतील एकदाचे. शेजारी सून तोंडावर हात घट्ट धरून बसली होती. ती भारावली असावी असं समजून मी बटण दाबलं.

थोड्या वेळाने साहेबांचा फोन वाजला. मग त्यांच्या मागच्या टेबलावरचा. मग सबंध ऑफिसातले.

साहेबांनी फोनवर आलेलं पत्र वाचलं. “‘तुमच्या पाठीला आमची आठवण येते.’ काका, काय केलंत?”

“नावं पुसली.”

“नावं नाही हो बाबा, त्यांचा नकार पुसलात!” सुनेचा हात अखेर सुटला.

सरावाच्या प्रतीत ऑफिसातल्याच मंडळींचे पत्ते होते. तीच ती नमुन्याची पत्रं वाचून विटल्यावर एकेकाने ‘नको’ दाबलं होतं. आता ती सगळी पत्रं आनंदाने घरी परतली होती. “कोण गाढव आहे तो?” मागून आवाज आला. मी पडद्याकडे बघून नमस्कार केला.

“पण पुसल्यावर काय होतं, हे पानावर आहे कुठे?” मी विचारलं.

सुनेने पान पुन्हा चाळलं. साहेबांनीही चाळलं. ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून कुणीच लिहिलं नव्हतं.

“दुपारी पुन्हा,” साहेब म्हणाले. “शेवटची संधी. पण नवा अडाणी आणा, काका आता बाद. त्यांना कळलंय.”

जाणकार म्हणून बाद होण्याचा मान मला प्रथमच मिळाला.

सुनेने डोळे पुसले आणि पानाच्या अगदी वर लिहिलं: ‘ही नोंद म्हणजे त्या माणसाचं नको. ती पुसली की पत्रं पुन्हा सुरू होतात. त्याने स्वतः पुन्हा पाठवा म्हटलं असेल, तरच पुसा.’

दुपारी खुर्चीत आमची ही बसली. काम तेच. तिने वरच्या ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि हाताची घडी घातली. सून ओठ चावत होती.

“काकू, अडलं का कुठे?” साहेबांनी विचारलं.

“अडायचंय काय त्यात? लोक नको म्हणालेत ना, मग राहू दे की सुखात. मी कशाला हात लावू?”

“म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?”

“नाही. आणि तुम्हीही करू नका.”

“मंजूर!” साहेब खुर्चीतून उठलेच. “पान मंजूर, सूनबाई पक्क्या!” मागे टाळ्यांचा कडकडाट. सून सासूच्या गळ्यात पडली. “अगं, चष्मा मोडशील!” असं म्हणत हीसुद्धा तिला सोडेना. काहीही न केल्याबद्दल टाळ्या मिळतात, हे मी आमच्या घरात प्रथमच पाहिलं. माझ्या बाबतीत आजवर उलटंच घडत आलंय.

गलका जरा ओसरल्यावर मी सुनेला हळूच बाजूला घेतलं.

“ते गादीवाले तुमचंच गिऱ्हाईक ना?”

“हो. का?”

“मग माझं ‘नको’ तेवढं पुसायला सांग त्यांना. मी स्वतः म्हणतोय. उशांबद्दल काहीतरी कळवणार होते.”