तुगास लाकडाची बंदूक

मित्रांनो, दचकू नका. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, आणि सुटणारही नाही. मला नळी आहे पण तिला भोक नाही, चाप आहे पण तो दाबला जात नाही. मी एक जुनी लाकडी बंदूक आहे. लाकडाच्या बंदुकीनं कुणाचं काय वाकडं होणार, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गावातही सगळे तेच म्हणत होते.

आमचं गाव फिलिपिन्समधल्या पनाय बेटावर, अगदी समुद्राला चिकटून. होड्या बांधणारे इथं पुष्कळ, पण तातय फर्मिनसारखा हात कुणाचा नाही. ‘तातय’ म्हणजे बाप. साऱ्या गावाचेच ते तातय. त्यांचा थोरला मुलगा रोदेल शहरातल्या कॉलेजात लागला आणि कॉलेजचा निरोप आला, की दर रविवारी सैनिकी कवायत सक्तीची, आणि बंदूक ज्यानं त्यानं घरून आणायची. लाकडाची चालेल. पोरांना खऱ्या बंदुका द्यायला सरकारकडं पैसा नव्हता. त्यांना उन्हात उभं करायला पैसा लागत नाही.

बाकीच्या बापांनी काय केलं? पांगाऱ्याचं लाकूड घेतलं, चार घाव घातले, वर काळा रंग फासला, झाली बंदूक! पांगारा केवढा हलका, शेंबडं पोरसुद्धा एका हातानं उचलेल. पण तातय फर्मिनना ते पटेना. त्यांनी होडीच्या कण्यासाठी राखून ठेवलेला तुगासचा वासा बाहेर काढला. तुगास हे आमच्याकडचं सगळ्यात चिवट लाकूड. त्याला वाळवी दात लावत नाही, खारं पाणी त्याला कुजवत नाही, आणि वजन म्हणाल तर पाण्यात टाकलं की थेट तळ गाठतं.

"अहो, पोराला कवायतीला न्यायचीय, लढाईला नाही," रोदेलची आई, नानाय कोनसिंग, म्हणाली. "हलकीशी करा की."

"हलकं लाकूड हलक्या माणसाला!" तातय म्हणाले. "माझा पोरगा पांगारा खांद्यावर टाकून गेला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मग वाकसानं तासलं, रंध्यानं गुळगुळीत केलं, खोबरेल चोळचोळून मला आरशासारखं चमकवलं. दस्त्यावर एक छोटी होडी कोरली. इतक्या मायेनं घडवलेली दुसरी वस्तू मी तरी पाहिली नाही. मला माझा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू!

रोदेल होता काडीसारखा. बेसूर गायचा, आणि स्वतःच्या बेसुरावर स्वतःच हसायचा. कवायतीहून आला की सांगायचा, "तातय, सगळे हात लावलावून बघतात. माझ्या रांगेतला इस्को तर म्हणाला, तुझ्या बापाला सांग माझ्यासाठी एक कर." खांदा सोलवटलाय हे मात्र त्यानं बापाला कधी कळू दिलं नाही. आई स्वयंपाकघरात त्यावर तेल लावायची आणि तो तिला गप्प राहायच्या शपथा घालायचा. धाकटी बहीण नोरा दाराआडून बघायची. तिलाही शपथ घातलेली.

मग तो रविवार आला. कवायत घ्यायला वरच्या वर्गातलाच एक मुलगा होता. नुकती मिसरूड फुटलेली, पण गळ्यात शिट्टी आली की माणसाचं काय होतं ते देव जाणे. त्याची नजर माझ्यावर पडली.

"वा रे वा! काय बंदूक आहे! पुढं ये. दोन्ही हात ताठ कर, समोर धर. बघू दे सगळ्यांना."

रोदेल पुढं झाला. हसतच झाला, कारण हे कौतुकच होतं. मीही मनातून फुलले. पण कौतुक झालं, बाकीच्यांची कवायत सुरू झाली, तरी त्याला हात खाली घे असं कुणी म्हणेना. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे मैदानातली माती अनवाणी पायाला चटके देते. त्याचे हात कापायला लागले. त्याचा घाम माझ्या नळीवरून ओघळायला लागला.

"सर, खाली घेऊ?"

"मी सांगितलं का?" एवढं बोलून शिट्टीवाला आंब्याच्या सावलीत जाऊन बसला.

मित्रांनो, या गोष्टीचा मी खूप विचार केलाय. वर्षानुवर्षं एका जागी पडून राहायचं म्हटल्यावर दुसरं काम तरी काय असतं! तो मला टाकू शकला असता. शिव्या पडल्या असत्या, फार तर मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण मी पडले असते तर माझा टवका उडाला असता, आणि बापानं कोरलेल्या होडीला त्याला ओरखडाही जाऊ द्यायचा नव्हता. तो कोसळला तेव्हाही मी त्याच्या छातीशी घट्ट धरलेली होते. शेजारी रांगेत उभ्या असलेल्या इस्कोनं त्याच्या हातांतून मला सोडवून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. कॉलेज म्हणालं, मुलगा मुळातच नाजूक होता. रोदेलच्या शवपेटीपाशी गाव जागत बसलं, कॉफी झाली, बिस्किटं झाली, रीतीप्रमाणे कोपऱ्यात पत्ते झाले. पोराला पोचवून आल्यावर तातय फर्मिननी मला होडीत घातलं, भरतीच्या पाण्यात लांब नेलं आणि सोडून दिलं. मी तळाला गेले. पुढं मोठी ओहोटी आली तेव्हा नानाय कोनसिंगनं गुडघाभर चिखलात उतरून मला शोधून आणलं. "त्याच्या हातातली शेवटची वस्तू आहे," म्हणाली. "फेकायची असेल तर आधी मला फेका."

तिनं मला पुढच्या दाराचा अडसर केलं. त्या दिवसापासून तातय मागच्या दारानं ये-जा करू लागले. मला त्यांनी बोटही लावलं नाही.

पुढं असल्या आणखी गोष्टी देशभर बाहेर आल्या, आरडाओरडा झाला, आणि ती सक्ती उठली. नानाय गेली. नोराचं लग्न झालं, मूल झालं, नवरा परदेशी जहाजावर लागला आणि ती बापाकडं राहायला आली. तिनं पुढच्या खिडकीत छोटं दुकान थाटलं. मला चांगले दिवस आले असं नाही म्हणणार, पण अडसराचं काम इमानी असतं. बाहेरचं बाहेर ठेवायचं, आतलं आत. बस्स.

आता मात्र रेडिओवर रोज तेच चाललंय. राजधानीत पुन्हा कायद्याची भाषा सुरू आहे. सक्तीचं सैनिकी शिक्षण परत आणायचं, कॉलेजातल्या सगळ्या मुलांना. आणि या खेपेला मुलींनासुद्धा. नोराची मिरासोल यंदा कॉलेजात जाणार आहे.

परवा इस्को दुकानावर आला. आता तो रिक्षा चालवतो, पोट सुटलंय.

"येऊ दे की सक्ती!" तो म्हणाला. "आजकालच्या पोरांना शिस्त कशी ती नाहीच. समोरून बडं राष्ट्र आपल्या समुद्रात दंडेली करतंय, कोळ्यांना हाकलून देतंय. आपण काय काठ्या घेऊन लढायचं?"

"काठ्या घेऊनच तर शिकवलं तुम्हाला," नोरा म्हणाली.

"थट्टा नको करूस, इंदाय," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला. "आम्हीही उन्हात उभे राहिलो. मेलो का?"

बोलला आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द काय परत येतो?

"तू नाही मेलास, मनोंग," नोरा म्हणाली. मनोंग म्हणजे थोरला भाऊ. त्याची सिगारेट त्याच्यापुढं ठेवली आणि आत वळली.

आत मिरासोल हसत होती. पोरगी मामासारखीच काडी, मामासारखीच बेसूर. "मा, तू उगीच घाबरतेस. कवायतच तर आहे! गणवेशात फोटो किती झकास येतात!" असं म्हणत तिनं मला दारावरून ओढून काढलं, खांद्यावर टाकलं आणि "एक, दोन! एक, दोन!" करत घरभर फिरली. मग आजोबांसमोर थांबली आणि गंमत म्हणून मला दोन्ही हातांनी समोर ताठ धरलं.

"लोलो, बघा! जमतंय ना?"

तातय फर्मिन कॉफी पीत होते. कप हातातच राहिला. नोरानं झडप घालून मला काढून घेतलं, आणि पोरीला काय चुकलं ते कळेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा पुढच्या दाराशी आला. इतक्या वर्षांनी. त्यानं मला उचललं आणि अंगणात नेलं. मला वाटलं, सुटले. आता कुऱ्हाड येणार. पण आला तो रंधा.

"तातय, काय करताय?" नोरा धावत आली.

"हलकी करतोय."

"जाळा ती! मी शनिवारी कॉलेजच्या सभेला जाणार आहे, सगळ्यांसमोर नाही म्हणून सांगणार आहे. आणि तुम्ही इथं तयारी कसली करताय?"

"जा. जरूर जा, ओरडून सांग. पण तुझं ऐकतील कशावरून?" ते म्हणाले. "तेव्हा मी कुणाचं ऐकलं होतं? तुझी आई म्हणाली होती, हलकी करा."

नोरा खाली पायरीवर बसली आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडली. रंधा थांबला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा, अडगळीत टाकू नका. मी तसलं काही मागत नाही. मला कुणी जपू नका. बापानं मला जपून घडवलं आणि पोरानं मला जपलं, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. उद्या कुणी तुमच्या हातात माझ्यासारखी वस्तू दिली आणि हात भरून आले, तर विचारत बसू नका. सरळ टाकून द्या. मला काही होत नाही. फुटले तर फुटले.

तातय रोज सकाळी अंगणात बसतात. ती कोरलेली होडी कधीच रंध्याखाली गेली. पटाशीनं त्यांनी माझं पोट खालून कोरून काढलंय. मिरासोल आता हसत नाही. तिला आईनं सगळं सांगितलंय. आज ती आपणहून आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढं केले. त्यांनी मला तिच्या हातांवर ठेवलं.

"लोलो, पुरे आता. काहीच वजन राहिलं नाही हिला."

म्हातारा तिच्या चेहऱ्याकडं बघत नव्हता. त्या बारीक मनगटांकडं बघत होता. मग त्यानं मला परत घेतलं.

"अजून जड आहे," ते म्हणाले, आणि रंधा उचलला.